शेवटच्या घरचा पिंट्या

दिवाळी जवळ आली की आमच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या रांगेचं रूप बदलायचं. एरवी गाई, म्हशी, शेळ्या, एखादा लंगडणारा बैल. धनत्रयोदशीपासून मात्र कुत्री. कोणी रिक्षातून, कोणी सायकलच्या कॅरिअरवर टोपली बांधून, कोणी धोतराच्या सोग्याने ओढत घेऊन यायचं. आणि सगळ्यांचं मागणं एकच. "बाई, याला झोपेची गोळी द्या. फटाके संपेपर्यंत उठता नये."

ऐंशीच्या दशकातली बहुतेक वर्षं मी रत्नागिरीत गुरांची डॉक्टर होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. वडील भात आणि नाचणी पिकवायचे. मुलगी डॉक्टर झाली हे ते गावभर सांगत फिरायचे. कशाची डॉक्टर, हे मात्र कोणी विचारलं तरच सांगायचे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. अडलेली गाय मोकळी करताना खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, आणि तो घालायला डिग्री लागते तशी हिंमतही लागते. माझ्याकडे दोन्ही होतं. "बाई काय बैल धरणार?" असं म्हणणारे पुढे बैल घेऊन माझ्याकडेच यायचे.

तर गोळी. गोळी आमच्याकडे होती आणि अगदी गरज पडली तर मी ती देतही असे. पण तिच्यावर माझा विश्वास नव्हता, आणि का नव्हता ते सांगते. त्या काळातल्या गोळीने कुत्र्याचे पाय लटपटतात, डोळे अर्धे मिटतात, तोंडातून लाळ गळते. धन्याला वाटतं, वा, छान झोपलंय. पण जवळ बसून कानाकडे बघा. प्रत्येक फटाक्याला कान हलतो, छाती धडधडते. पळायची ताकद काढून घेतली, भीती तिथेच राहिली. हे मी कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही, दवाखान्याच्या ओट्यावर कुत्र्याशेजारी बसून बघितलंय.

फटाक्याला कुत्रं इतकं का घाबरतं, असं लोक विचारायचे. ऐकू जास्त येतं हे एक झालं. दुसरं माझं स्वतःचं निरीक्षण आहे. कुत्रं जग नाकाने ओळखतं. पाहुणा येतो त्याच्या आधी वास येतो, वाघ येतो त्याच्या आधी वास येतो. फटाक्याचं उलटं. आधी आवाज, वास मागाहून. कोण आलं, कुठून आलं, काही कळत नाही. मग ते पळतं.

आणि ते पळू नये म्हणून आपली माणसं काय करतात, तर बांधून घालतात. मिरकरवाड्याच्या बंदरावर जुन्या जाळ्यांची नायलॉनची दोरी फुकट मिळायची. मजबूत, न कुजणारी. ती गळ्यात बांधली की कुत्रं जितकं ओढेल तितकी आवळत जाते. भाट्याच्या बाजूच्या एका घरचं देखणं तांबडं कुत्रं नरकचतुर्दशीच्या सकाळी असं गेलं. घरची माणसं अंघोळी करून, तुळशीपाशी कारीट फोडून, पोह्यांना बसली होती. पडवीत काय झालं ते त्यांना कळलंच नाही. त्यांचं प्रेम कमी नव्हतं, माळ घालून पुरलं त्याला. त्या दिवसापासून दिवाळीआधी येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं वाक्य तेच सांगायची: बांधू नका, कोंडा. आतली, अंधारी, बिनखिडकीची खोली द्या. पलंगाखाली किंवा भाताच्या कणगीमागे शिरलं तर ओढून बाहेर काढू नका. ती त्याने स्वतः शोधलेली जागा आहे.

पुढची गोष्ट समजायला एक तुकडा आधी सांगायला हवा. मिरकरवाड्याला हसनभाई म्हणून एक तांडेल, म्हणजे मासेमारी लाँचचे कप्तान, होते. त्यांच्या लाँचवर एक कुत्रा होता. ते त्याला घेऊन आले तेच चिडून. "डॉक्टरबाई, हा येडा झालाय. दिवाळी आली की बंदरातनं उडी मारतो, पोहत लाँचवर येतो नि इंजिनावर बसतो. इंजिन बंद असलं तर रडतो. चालू केलं तर घोरतो. आता फटाक्यांच्या दिवसांत मी याच्यासाठी डिझेल जाळू काय?"

हसनभाईंना तो वेडेपणा वाटत होता. मला त्यात औषध दिसलं. न थांबणारा, एका लयीतला, रोजच्या सवयीचा आवाज. तो अंगाखाली असला की बाहेरचा आवाज त्यात बुडतो, आणि कुत्र्याला कळतं की आपलं जग जिथल्या तिथे आहे. "जाळा थोडं डिझेल," मी म्हटलं. हसनभाई कपाळावर हात मारून गेले. पण जाळलं त्यांनी, हे मला नंतर कळलं.

आता यशोदा वहिनींच्या पिंट्याकडे येते.

रत्नागिरीपासून आत, डोंगराच्या उतारावर त्यांची वाडी. खाली व्हाळ, म्हणजे ओढा, वर कातळ, आणि मधे चिऱ्यांच्या पायऱ्यांची उभी पाखाडी. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना घरं. सगळ्यात खाली आबांचं घर, ते वाडीतले मानकरी. सगळ्यात वर, कातळाला लागून, यशोदा वहिनींचं. नवरा मुंबईला कामाला, मूलबाळ नाही, आणि घरामागे लगेच रान. त्या रानातून वाघ यायचा. म्हणजे बिबट्या, आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. वहिनींच्या दोन शेळ्या त्याने नेल्या होत्या.

वहिनी पहिल्यांदा दवाखान्यात आल्या त्या तुळशीचं लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. पदराने डोळे पुसत, हातात पिंट्याची दोरी. पिंट्या म्हणजे काळा, पांढऱ्या छातीचा, गावठी कुत्रा. त्याने आबांच्या पोटरीचा लचका तोडला होता.

"कधी कुणाच्या वाटेला जात नाय हो बाय हा," त्या म्हणाल्या. "काल आमच्या दारातल्या खळ्यात लगीन लागलं, फटाके वाजले, नि ह्याने दावं तोडलं. अंतरपाटाखालनं गेला, भटजींना पाडलं. आबा धरायला गेले तर तेंना चावला."

चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, हा नियम. पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात कळतं. पिंट्या अगदी ठणठणीत निघाला. पण आबांनी तोवर पोटात सुया घ्यायला सुरुवात केली होती. त्या काळी ती इंजेक्शनं पोटातच घ्यायची, आणि ज्याने घेतली तो विसरत नसे.

मी वाडीत गेले तेव्हा आबा पडवीत पाय लांब करून बसले होते. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "पोटात सुया मी घेतल्या. कुत्र्याने नाय घेतल्या."

"बरोबर आहे, आबा."

"तर मग ऐका. पुढच्या तुळशीच्या लग्नाला ते कुत्रं कुणाच्या अंगावर गेलं तर तेला मी ठेवणार नाय. डुकरांसाठी घेतलेली बंदूक हाय घरात. वाडीत पोरंबाळं फिरतात. यशोदेचं वाईट वाटतं, पण मी वाडीचं बघायचं का एका कुत्र्याचं?"

खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. बाहेर पडले तर पाखाडीवर वहिनी उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ह्यो भुकतो म्हणून मी निजते," एवढंच त्या बोलल्या.

मी त्यांना म्हटलं, "दिवाळीच्या तोंडावर येऊ नका. गणपती गेले की या." लोकांना हे पटायला जड जायचं. भीती घालवायला वेळ लागतो, ती गोळीसारखी पाण्याबरोबर घेता येत नाही. पण वहिनी आल्या. अनंतचतुर्दशी झाली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या पिंट्याला घेऊन हजर. मला बघताच पिंट्या त्यांच्या लुगड्यामागे. दहा दिवस मी त्याला उलटसुलट तपासलं होतं, ते तो विसरला नव्हता.

मी त्यांना बारीकसारीक विचारलं, आणि एक गोष्ट ध्यानात आली. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्या घरांतून एकदम फटाके वाजतात, तेव्हा पिंट्या कणगीमागे जाऊन थरथरत बसे, पण पळत नसे. तुळशीच्या लग्नालाच तो का बिथरला? कारण त्या दिवशीची रीत. भटजी एकच. ते मानाप्रमाणे घरोघर जातात. पहिलं लग्न मानकऱ्याच्या खळ्यात, मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. दर घरी 'सावधान' झालं की फटाक्यांची माळ. म्हणजे पिंट्याला काय ऐकू येत होतं बघा. खाली लांबवर एक धडधडाट. मग शांतता. मग दुसरा, जरा जवळ. पुन्हा शांतता. असं करत करत तो आवाज एकेक घर चढत वर येणार, आणि शेवटी सगळी वाडी घेऊन त्याच्याच खळ्यात फुटणार. माणूससुद्धा वेडं होईल.

उपाय सोपा दिसत होता. वरून सुरुवात करा. पहिलं लग्न वहिनींच्या तुळशीचं लावा, मग आवाज लांब लांब जाईल. मी मोठ्या उत्साहाने आबांकडे गेले.

"म्हणजे कुत्र्यासाठी मान बदलायचा?" आबा म्हणाले.

"एका वर्षापुरता."

"माझ्या आज्यापासनं पहिली अक्षता ह्या तुळशीवर पडते. तुम्ही पडलात शिकलेल्या. शिकलेल्या माणसाला सगळं आजचं आज बदलायचं असतं." आणि मग जरा हसून, "चहा घ्या."

वहिनींना हे सांगितलं तर त्या माझ्यावरच रागावल्या. "मला वाडीत ऱ्हायचंय बाय! कुणाच्या पुढं जाऊन मान मागू नका माझ्यासाठी." मग फटाकेच नको म्हणा, मी म्हटलं. तेही चालेना. "घरचा मालक मुंबईला, नि तुळशीचं लगीनही मुकं? बायका बोलतील." सगळ्या वाटा बंद. तेव्हा मला हसनभाईंचं इंजिन आठवलं.

वहिनींच्या माजघरात जमिनीत बसवलेलं उखळ होतं. गिरण आली असली तरी घरच्यापुरते तांदूळ त्या मुसळानेच सडायच्या, आणि दिवाळी जवळ आली की आसपासच्या बायका पोह्यांसाठी भात घेऊन त्यांच्याकडेच यायच्या. मी म्हटलं, हे तुमचं इंजिन. रोज संध्याकाळी दार लोटून घ्यायचं, कांडायला बसायचं आणि तेव्हाच पिंट्याला जेवण घालायचं. कण्या, भाकरी, सुक्या मासळीचं डोकं, त्याच्या आवडीचं. इतर वेळी ते त्याला मिळता नये. कांडण थांबलं की जेवणही उचलायचं. पिंट्या आठवड्याभरात शिकला. मुसळाचा पहिला दणका ऐकला की असेल तिथून धावत यायचा.

मग त्यात आवाज मिसळायला सुरुवात केली. आधी खाली व्हाळाशी कागदाची पिशवी फोडायची. मग टिकल्या, लांबून. मग अंगणाबाहेर. पिंट्याने खाणं सोडलं तर आपण जास्त घाई केली, एक पायरी खाली यायचं. हेच माझं मोजमाप. भेदरलेलं कुत्रं खात नाही, त्याच्यापुढे साजूक तुपातला लाडू ठेवला तरी. खातंय, याचा अर्थ आपलं बरं चाललंय. गुरांच्या शिबिरांच्या निमित्ताने मी त्या बाजूला जायची तेव्हा वाकडी वाट करून बघून यायची. आत जायची नाही, खिडकीच्या फटीतून. मी दिसले की पिंट्याचं खाणं बंद व्हायचं.

अडचण एकच राहिली. लग्नाच्या वेळी वहिनी बाहेर तुळशीपाशी हव्यात, यजमान त्याच. मग आत कांडणार कोण? मला तर पिंट्या फटाक्यांइतकाच घाबरत होता.

"काकी आहेत की," वहिनी हळूच म्हणाल्या.

काकी म्हणजे आबांची मालकीण. पोह्याचं भात घेऊन त्या येत, वहिनींसमोर बसून आळीपाळीने मुसळ चालवीत, आणि पिंट्या त्यांच्या पायाशी जेवून तिथेच लवंडत असे. आबांना यातलं काही माहीत नव्हतं.

"काकी, आबा रागावतील," त्या भेटल्या तेव्हा मी म्हटलं.

"रागावू देत. पोटात सुया घेतल्या तेव्हा रातभर पोट कोण शेकत व्हतं?"

लग्नाच्या दिवशी मी वाडीत लसीकरण ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत थांबले. पिंट्याला दुपारी लांब फिरवून आणलं होतं, दमलेलं कुत्रं बरं असतं. गळ्यातलं दावं काढून टाकलं. आबांच्या खळ्यातलं लग्न लागलं, पहिली माळ वाजली, आणि घरचं पहिलं लग्न उरकलेल्या काकी मागच्या वाटेने वर येऊन माजघरात शिरल्या. आतून मुसळाचा आवाज सुरू झाला. धप्प. धप्प. धप्प.

खालून लग्नं वर येऊ लागली. एकेक माळ जवळ येत होती. पोरं पुढे धावत आली, त्यांच्या खिशात चिरमुरे नि आवळे. मागून बायका, मग आबा काठी टेकत, आणि सगळ्यात शेवटी भटजी, दर पाच पायऱ्यांना थांबून गुडघे चोळत. "यशोदे, तुझ्या तुळशीला मोक्षच म्हणायला हवं," ते धापा टाकत म्हणाले, "इतकं वर चढावं लागतं." सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांचं लक्ष बंद दाराकडे होतं.

तुळशीला ऊस बांधला होता, आवळा-चिंच ठेवली होती. दोन बायकांनी अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. आत मुसळ चाललं होतं. मला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात, शेवटचं कडवं अजून व्हायचं होतं, कोणीतरी आगाऊपणे सुतळी बॉम्ब पेटवला. माझ्याच कानठळ्या बसल्या. दगडी गडग्यावरचे कावळे उडाले.

आतलं मुसळ थांबलं.

भटजी म्हणायचे थांबले. वहिनींची अक्षतांची मूठ तशीच वर. आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि दाराच्या दिशेने एक पाऊल टाकलं. मी दवाखान्यात पुष्कळ अवघड वेळा काढल्या आहेत, पण त्या बंद दाराकडे बघताना मी जशी उभी होते तशी क्वचितच राहिले असेन. आत जावं तर पिंट्या मला बघून आणखी बिथरणार. न जावं तर?

आतून आवाज आला. "मेल्यांनो! सांगून तरी वाजवा की! मुसळ पडलं माझ्या पायावर!"

आबांचं तोंड उघडंच राहिलं. "ही हिते काय करते?"

"तुमच्या पोटात परत सुया नकोत म्हणून बसलेय!" दारामागून उत्तर आलं. "भटजी, तुमचं चालू द्या. हा कुत्रा माझ्याकडं डोळे वटारून बगतोय, थांबलीस का म्हणून!"

आणि मुसळ पुन्हा सुरू झालं. धप्प. धप्प.

खळ्यात असा हशा उठला की भटजींना पुन्हा सुरुवात करायला वेळ लागला. 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, माळ वाजली. ती संपल्यावर मी मागच्या बाजूने जाऊन फटीतून बघितलं. पिंट्याचं शेपूट खाली होतं आणि पाठीवरचे केस थोडे उभे होते. नाही म्हणायला कारण नाही, घाबरला होता. पण काकींच्या हातून सांडलेल्या कण्या तो जमीन चाटूनपुसून खात होता. खात होता! माझ्या अख्ख्या नोकरीत मला मिळालेल्या सगळ्या शाबासक्या एकीकडे आणि ते चाटणं एकीकडे.

जाताना आबा दारापाशी थांबून आतल्या बाजूला म्हणाले, "ये आता. जेवायचं का नाय आज?"

पुढच्या वर्षी लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. पाखाडी चढायला लागले तर आबांचं खळं रिकामं. वर गेले तर वहिनींच्या खळ्यात सगळी वाडी जमलेली, तुळशीसमोर पाटावर आबा बसलेले, पहिल्या अक्षता हातात घेऊन.

"आबा, मान?" मी विचारलं.

"मान माणसाबरोबर चालतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "भटजींच्या गुडघ्यांना चढ सोसत नाय. वरनं सुरू केलं की उतरत जायचं. सगळ्यांना बरं."

भटजींचे गुडघे मी तिथे आल्यापासून दुखत होते. आबांना ते त्या वर्षी दिसले.

लग्न लागलं, माळ वाजली, आणि वरात खाली उतरत गेली. आवाज लांब लांब जात राहिला. आतलं मुसळ थांबलं तेव्हा वहिनींनी दार उघडलं. पिंट्या डुलत डुलत बाहेर आला, जळक्या माळेचे कागद एकेक करून हुंगले, तुळशीपाशी सांडलेले चिरमुरे खाल्ले, आबांच्या पाटावर ऐटीत बसला. मग त्याने मान वळवली. खळ्याच्या कडेला मी उभी होते.

शेपूट पायांत घालून तो जो पळाला, तो थेट कणगीमागे.